पाथरीचा घास

शकुबाईने गवत दोन्ही हातांनी फाकवलं आणि वाकून आत पाहिलं. माती दिसेचना, नुसती गवताची दाटी.

"पाथरी इथीच असे, जवाई. रंभाच्या लग्नात इथी आली तवा म्या टोपलंभर खुडली होती."

मुखरू रिकामं टोपलं घेऊन मागे उभा होता. आज त्याच्या मुलाचं बारसं. बाळंतिणीला पाथरीच्या भाजीचा पहिला घास नवऱ्याने भरवायचा आणि भाजी जिथल्या मातीतली, त्या गावाचं नाव घ्यायचं. मूल त्या गावाचं झालं, अशी त्यांच्याकडची रीत. त्यासाठीच सासू वडशाहून आली होती.

"ढोरं चरली असतीन," तो म्हणाला.

"एवढं गवत सोडून पाथरीच चरली का जी? टेकडीवर युरिया फेकता का तुमी? आमच्या बांधावर युरिया पडला का असंच होते. गवत माजते, लहान पाला दबून मरते."

मुखरूचे कान तापले. टेकडीपलीकडे विजेच्या कारखान्याची चिमणी धूर सोडत होती. ब्याऐंशी साली त्याला तिथे नोकरी लागली तेव्हा गाव धुराच्या नावाने कुरकुरत होतं, आणि ह्याच पठ्ठ्याने साहेबाचं अर्धंमुर्धं ऐकून पारावर छाती फुगवली होती, "अरे, धुरात युरियाचाच गुण हाय! पावसासंगं खाली येते. फुकटचा युरिया हाय, फुकटचा!" पुढे गवत वाढलं तशी लोकांनी त्याची पाठही थोपटली. आता ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूला मात्र तो एवढंच म्हणाला, "ऊन झालं बाई, चला घरी."

घरी शकुबाईने बोचक्यातून वाळवलेली पाथरी काढली. रंभाला दूध यावं म्हणून तिने ती वडशाहून आणली होती. भाजी शिजली, आयाबाया जमल्या. ताट जावयाच्या हाती देताना ती हळूच पुटपुटली, "तुमच्याच गावाचं नाव घ्या. कोनाले समजते?"

मुखरूने घास उचलला. रंभा मांडीवर लेकरू घेऊन वाट पाहत होती.

"वडसा," तो म्हणाला.

बाया खो खो हसल्या.

"अगं माय! सासरवाडीचं नाव घेऊन राह्यले!" शेजारची वच्छला म्हणाली. "आपल्या गावाले काय झालं, मुखरूभाऊ?"

मुखरूने मान वर केली नाही.

"आपल्या टेकडीवर पाथरी नाई राह्यली. शरम वाटते सांगाले. फुकटचा युरिया म्हनून मीच नाचलो होतो ना."

हसणं थांबलं. घास अजून त्याच्या हातातच होता. रंभाने जरा पुढे सरकून तो खाल्ला.