बादलीतली टीप

मांजरसुंब्याच्या चौकातल्या मोहनरावांच्या हॉटेलात टिपेवरून कधी भांडण झालं नाही. टेबलावर सोडलेले पैसे काउंटरवरच्या पत्र्याच्या डब्यात पडायचे आणि शनिवारी सगळ्या वेटरांत सारखे वाटले जायचे. भांडणं व्हायची ती पाण्यावरून. दुष्काळाच्या त्या वर्षी मोहनरावांनी नियमच घालून दिला होता : ज्यानं टेबल सांभाळलं, त्या टेबलावर उरलेलं पाणी त्याचं. पण गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. पाण्याचा जग तळापर्यंत रिकामा करायची आणि वर आपल्या बाटल्या भरून न्यायची.

म्हणून साखर कारखान्याचे चेअरमन सुंदरराव पुण्याच्या पाहुण्याला घेऊन जेवायला येणार आणि सहा हजारांची पांढरी वाईन उघडली जाणार, हे कळताच सुग्रीवनं ते टेबल मागून घेतलं. वाईनशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ती थंड ठेवायला बर्फ लागतो, एवढं त्याला ठाऊक होतं. चौसाळ्याजवळच्या त्याच्या वस्तीवर गाय व्यायला चार दिवस झाले होते. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, तोही माणसांपुरता. "आज पान्याचा डबा मोकळा आनू नका," असं त्याच्या बायकोनं, साखराबाईनं, सकाळीच बजावलं होतं.

वाईनसाठी वेगळं भांडं त्या हॉटेलात कुठून असणार! सुग्रीवनं स्टीलची नवी बादली घासूनपुसून घेतली, काठोकाठ बर्फ भरला आणि बाटली त्यात उभी केली. जेवण चांगलं दोन तास चाललं. मटण वाढता वाढता सुग्रीव दर पाच मिनिटांनी बादलीत डोकावत होता. पाणी वर चढत होतं, स्वच्छ, गार. पाहुण्याला वाटलं, वेटर वाईनची फारच काळजी घेतो.

"इथं वाईनवर टीप किती देतात?" त्यानं विचारलं. "आमच्याकडे जेवणावर दहा टक्के. वाईनचं मात्र काही जण वेगळं धरतात. सहाशेची बाटली उघडा की सहा हजारांची, कष्ट तेवढेच."

"ह्याला कशाची टीप?" सुंदरराव हसले. "आपल्या कारखान्याचा सभासद हाय ह्यो. घरच्या मानसाला कुनी टीप देतं व्हय? राग यील त्याला."

"तुमी आलात, त्येच लई झालं, आप्पा," सुग्रीव म्हणाला. सगळा तालुका सुंदररावांना आप्पाच म्हणायचा. आणि सुग्रीवला खरोखरच वाईट वाटलं नाही. त्याची टीप खाली बादलीत साठत होती.

तो बिल आणायला काउंटरवर गेला. बडीशेपेची बशी घेऊन परत आला तेव्हा सुंदररावांचे दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत होते.

"पानी नको आनू रे," ते म्हणाले. "एवढा दुष्काळ हाय, हितंच भागवलं." लिंबाची फोड चोळून त्यांनी बोटं खळखळून धुतली, पेल्यातल्या शेवटच्या घोटानं चूळ भरली आणि तीही बादलीतच टाकली. पाणी वाचवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. पाण्यावर मटणाचा लाल तवंग पसरला.

सुग्रीवच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं बशी टेबलावर ठेवली.

सुंदररावांचं लक्ष नाही असं पाहून पाहुण्यानं बशीत सहाशे रुपये ठेवले.

"ऱ्हाऊ द्या साहेब," सुग्रीव म्हणाला. "माजी टीप त्या बादलीत हुती."

पाहुण्याला कळेना. मग सुग्रीवनं सगळं सांगितलं : मोहनरावांचा नियम, गाय, टँकर.

"आरं, मग आदी सांगायचं न्हाई का!" सुंदरराव कळवळून म्हणाले, आणि ते कळवळणं खोटं नव्हतं. "उद्या टँकर लावतो तुज्या वस्तीला."

सुग्रीवनं मान डोलावली. हा उद्या त्यानं गावच्या ग्रामसभेत ऐकला होता आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत टाळ्या वाजवून मंजूरही केला होता. सहाशे रुपये त्यानं नियमाप्रमाणे पत्र्याच्या डब्यात टाकले. बादली हॉटेलामागच्या गटारीत ओतली.

संध्याकाळी तो सायकल ढकलत वस्तीवर पोचला. कॅरिअरला बांधलेला डबा रिकामाच खडखडत होता. साखराबाईनं तो आवाज ऐकला आणि हातातली घागर पालथी घातली. गाय मात्र डबा बघून उठून उभी राहिली.