चष्मा काढून मरणारे टिंडल आजोबा

"मी चष्म्यासकट पडलो, तर टाळ्या वाजवू नका," टिंडल आजोबांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. मालविकाने ते हसण्यावारी नेलं.

एरवी ती कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेणारी बाई नव्हे. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय लेकीच्या, आर्याच्या वाटीत टाकणार नाही. गॅस बंद केलाय ना, हे बघायला फाटकापासून परत येणार. तिचा नवरा वरुण कतारच्या हमद पोर्टवर कंटेनरची ये-जा सांभाळतो. तो म्हणायचा, "तुला आमच्या कंट्रोल रूममध्ये बसवतो. सगळे कॅमेरे काढून टाकता येतील."

बंदराजवळच्या अल वक्रात, त्यांच्या कंपाउंडमध्ये शेजारी हेलन राहते, इंग्रजी शाळेत शिकवते. तिचे वडील बर्नार्ड टिंडल बायको गेल्यावर इंग्लंडातलं घर आवरून लेकीकडे आले. दोन घरांना मिळून एकच अंगण आहे, कडेला बोगनवेलीच्या कुंड्या. मालविकाच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून ते सगळं दिसतं. घर घेताना तिने आधी ती खिडकीच पाहिली होती.

आजोबा नट. उभा जन्म रंगभूमीवर आणि पडद्यावर गेलेला. "पण माझा चेहरा ओळखीचा वाटायचा नाही तुम्हाला," ते म्हणाले. "मी बहुतेक वेळा पालथा पडलेला असायचो."

समुद्रकाठच्या एका गावातल्या नाटक कंपनीत भाला धरून उभं राहण्यापासून सुरुवात झाली. मग सैनिक झाले, दूत झाले, विष प्यालेले सरदार झाले. पुढे टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका आल्या. पहिली जाहिरात लागायच्या आत आजोबा खलास! एकदा मात्र राजाचं काम करणाऱ्या बड्या नटाचा घसा बसला, आणि दुपारच्या खेळाला टिंडल राजा झाले. थिएटर अर्धं रिकामं होतं, पण तिसऱ्या रांगेत बायको होती.

"ती रडली हो. राजा मेला म्हणून नाही, मला एकदाचं इतकं बोलायला मिळालं म्हणून."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"परत भाला. अहो, मेलेल्याला संवाद पाठ करावे लागत नाहीत. आणि मरण चांगलं जमलं, की लोक पुन्हा बोलावतात."

चष्म्याची गोष्टही त्यांनी त्याच दिवशी सांगितली. तरुणपणी एकदा ते चष्मा घालूनच कोसळले आणि काच भुवईत शिरली. रक्त बघून प्रेक्षकांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. हे पडदा पडेपर्यंत हलले नाहीत. तो व्रण अजून दिसतो. तेव्हापासून नियमच केला: आधी चष्मा काढून खिशात, मग मरण.

"काहीतरीच बोलता!" म्हणत मालविकाने बेसनाचा लाडू पुढे केला होता.

केजीतून घरी आली की आर्याचा त्यांच्याशी एकच खेळ. तिने लाकडी पळी उगारायची. आजोबांनी छाती धरायची, चष्मा खिशात ठेवायचा, दोन-चार कुंड्यांना टेकत टेकत सावकाश मरायचं. आर्याने टाळ्या वाजवायच्या. तिसऱ्यांदा टाळ्या झाल्या, की प्रेताने उठून कमरेत वाकून नमस्कार करायचा.

ऑक्टोबरातली दुपार होती, पण ऊन काही हटलेलं नव्हतं. मालविका थालीपीठ लावत होती. टाळ्या ऐकू आल्या म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. आजोबा कुंड्यांपाशी पालथे पडले होते, एक हात अंगाखाली. आज झकास जमलंय, असं मनात म्हणत तिने थालीपीठ उलटलं. पुन्हा टाळ्या. मग तिसऱ्यांदा.

"आजोबा, टेक अ बाउ!" आर्या ओरडली. "आजोबा, नाउ!"

मालविकाने परत मान वर केली. आजोबांच्या कानाशी काहीतरी चमकलं. चष्म्याची काडी.

ती गॅस तसाच टाकून धावली. आजोबांना शुद्ध नव्हती. श्वास होता, पण अगदी वरवरचा. तिची पाचावर धारण बसली, तरी बोटांनी रुग्णवाहिकेचा ९९९ बरोबर लावला. फाटकावरचा काशिफ छत्री घेऊन आला, ती त्यांच्यावर धरायला मालविकाकडे दिली आणि आत जाऊन गॅस बंद करून आला. थालीपिठाचा कोळसा झाला होता. "यल्ला, यल्ला," अशी घाई करत रुग्णवाहिकेच्या माणसांनी स्ट्रेचर गाडीत चढवलं, तेव्हा आर्या दोन्ही हात काखेत दाबून भिंतीला चिकटली होती.

"मम्मी, आय क्लॅप्ड," ती म्हणाली.

संध्याकाळी हेलनचा फोन आला. हृदयाचे ठोके मंदावले होते, पेसमेकर बसवणार, उन्हात आणखी थोडा वेळ पडून राहिले असते तर कठीण होतं. मालविकाचा जीव भांड्यात पडला. आर्याचा मात्र नाही. शाळेत कुणाच्या वाढदिवसालाही ती टाळ्या वाजवेना.

आजोबा घरी आल्यावर अंगणात खुर्ची टाकून बसले आणि आर्याला हाक मारली. ती आईच्या ओढणीआडून बाहेर येईना.

"मालविका, त्या दिवशी तू खिडकीतून का पाहिलंस?" त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"टाळ्या ऐकू आल्या म्हणून."

"आणि परत?"

"परत वाजल्या, तिसऱ्यांदा. आणि तुम्ही उठला नाहीत."

"ऐकलंस, आर्या? सगळा जन्म मी टाळ्यांसाठी मेलो. टाळ्यांनी वाचलो तो पहिल्यांदाच."

आर्याने ओढणी सोडली. आजोबांनी चष्मा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "आता हा तुझ्याकडे. तू घेतल्याशिवाय मरायचं नाही." मग डॉक्टरांचं ऐकून खुर्चीतल्या खुर्चीतच, अतिशय रुबाबात, ते मेले. आर्या जरा थांबली. हातातला चष्मा नीट पाहून घेतला, तो ड्रेसच्या खिशात घातला, आणि टाळ्या वाजवल्या.

आता डिसेंबरात भावाच्या लग्नाला मालविका आर्याला घेऊन नाशिकला निघाली आहे. हेलन दिवसभर शाळेत. "तुझी खिडकी बरोबर नेतेस का?" वरुणने चिडवलं. खिडकी नेता येत नाही, म्हणून तर ती भेटेल त्याला सांगत सुटली आहे. आता तुम्हालाही सांगते. अल वक्राच्या बाजूला कुणी असाल, तर दुपारचं बोगनवेलीच्या अंगणात जरा डोकावा. आजोबा डोळे मिटून पडलेले दिसले, तर टाळ्या नंतर. आधी चष्मा बघा.