दाराआड शिंपी, दारात मी

मित्रांनो, मला तीनच पाय आहेत, पण आजवर मी कुणाच्या वजनाने डगमगले नाही. मी शिंप्याच्या दुकानातली जुनी तिपाई. सुताराने उरल्यासुरल्या सागवानातून मला बनवलं आणि म्हणाला, "ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल." सुतार सगळ्याच गिऱ्हाइकांना असं सांगतो. माझ्या बाबतीत तेवढं खरं निघालं.

पॅंटची उंची बघायला आमचे शिंपी मास्तर गिऱ्हाइकाला माझ्यावर उभं करत. माणसं कशी असतात ते मी तिथे शिकले. माप देताना पोट आत ओढून धरतात आणि नंतर पॅंट घट्ट झाली म्हणून मास्तरांशीच भांडतात! "तिपाई मात्र भक्कम हं," असं जाताना हमखास म्हणत. मी ताठ होई. पुढे दुकानात आरसा लावलेला चौथरा आला आणि मी कोपऱ्यात गेले. अंगावर चिंध्यांचं गाठोडं. कुणी विचारेना.

मग गल्लीत फ्लूची साथ आली. घरोघरी खोकला. मास्तरांचं अंग तापलं तरी त्यांचं मशीन सुरूच. "साधं पडसं आहे गं, ताई."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, भावजयीच्या बाळंतपणासाठी आलेली. दुकानामागच्या घरात ओली बाळंतीण आणि मुठीएवढं बाळ होतं. ताईने मशीनचा पट्टाच काढून घेतला. "गिऱ्हाइकांना कपड्यांबरोबर ताप फुकट देतोस का? आणि घरात बाळ आहे, ते विसरलास?"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. बाळाला हा ताप झेपायचा नाही. मास्तरांनी दुकानातच राहायचं, शटर बंद, मागची खिडकी सताड उघडी. दुकान आणि घर यांच्यामधल्या दारात ताईने मला आणून ठेवलं. "हिच्या अलीकडे पाय टाकायचा नाही."

झालं! मी पहारेकरीण झाले. ताई नाकातोंडाला मास्क लावून माझ्यावर ताट ठेवी, मागे सरे, मग मास्तर ते उचलत. भांडी साबणाने धुऊन निघत, ताईचे हातही. बाळ रडलं की मास्तर माझ्यापर्यंत येत, मला घट्ट धरत आणि तिथूनच हाक मारत. पलीकडे गेले नाहीत. शेजाऱ्यांनी हे पाहिलं आणि आजारी माणसाच्या दारात कुणी खुर्ची मांडली, कुणी उलटी बादली. बादलीला माझ्या पंक्तीला बसवू नका, पण काम तेच.

ताप उतरताच मास्तरांचे हात शिवशिवू लागले. गल्लीसाठी कापडी मास्क आणि बाळासाठी झबलं, सगळं हाताने शिवून त्यांनी ढीग माझ्यावर ठेवला. बाळंतीण कौतुकाने झबलं उचलायला वाकली.

"थांब! हात लावू नकोस!" ताई ओरडली. "काय रे, सुईत दोरा ओवताना तोंडात घातलास ना?"

"छे! मी कशाला?"

"आणि तोडला कशाने?"

"कात्रीने."

"मग ओठाला लाल दोरा चिकटलाय तो कुणाचा?"

मास्तरांनी ओठ चाचपला. सगळ्या गल्लीला तोंड झाका म्हणून सांगणारा हा माणूस मास्कच ओले करून वाटायला निघाला होता! "अगं, हात करतो ते डोक्याला कळतच नाही," ते पुटपुटले. चेहरा उतरला. "बाळाने झबलं तोंडात धरलं असतं गं..."

ताईने जास्त ताणलं नाही. सगळा ढीग गरम साबणाच्या पाण्यात बुडाला, कडक उन्हात वाळला, मगच गल्लीत गेला. मलाही तिने खसाखसा पुसलं. तेव्हापासून मास्तरांनी कात्री गळ्यात अडकवली आणि सुईत दोरा ओवायची तार मागून घेतली. आजही शिवताना त्यांच्या तोंडात दोरा दिसत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा मास्तर हात धुऊन आले आणि माझ्यापाशी थबकले. "ताई, येऊ?"

"ये बाबा. बाळ ठणठणीत आहे."

त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं, माझ्यावरच टेकले आणि बाळाला मांडीवर घेतलं. दोघांचं वजन मी पेललं. काय सांगू, इतकी ताठ मी कधीच उभी राहिले नव्हते!

मित्रांनो, घरात कुणी तापाने आजारी पडलं, तर दारात माझ्यासारखी एखादी तिपाई ठेवा. मात्र तिच्यावरचं जेवण गरम असू द्या आणि अलीकडून दिवसभर हाका मारत राहा.