बुजवलेल्या मोरीचा सूड

मी एक जुनी दगडी मोरी आहे. पारनेरहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पोटात माझा मुक्काम. वरच्या माळावरचे पावसाचे पाणी माझ्यातून रस्त्याखालून जाते आणि खालच्या ओढ्याला मिळते. बेलदारांनी मला काळ्या दगडात आणि चुन्यात बांधले. कमान पुरी झाली तेव्हा त्यांच्यातला म्हातारा तिच्यावर हात फिरवून म्हणाला, "ही नातवंडांनाबी पुरंल."

मित्रांनो, माझी चांगली वर्षे आमोसच्या हातची. आमोस रस्त्यावरचा बिगारी. रस्त्याच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर त्याचे मातीचे घर होते. दर वैशाखात तो ओणवा होऊन माझ्यात शिरे आणि गाळ उपसे. त्याची बायको रेबेका घमेली वाहून नेई.

सन एकोणीसशे सेहेचाळीसला बन्सीशेठ नावाच्या आडत्याने वरचा माळ विकत घेतला. त्याने बोरी-बाभळी तोडल्या, जमीन सपाट केली आणि प्लॉट पाडले. पूर्वी निम्मे पाणी माळावरच मुरत असे. आता ते सगळे खाली धावणार होते. शेठला मात्र माझ्याकडे येणारा चर डोळ्यात खुपत होता. चर आणि मोरी बुजवली की आणखी एक प्लॉट निघत होता. रस्त्याचा मुकादम शेठच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने ते काम आमोसलाच सांगितले.

"शेठ, मग पानी जायाचं कुठून?" आमोसने तिथेच उभ्या असलेल्या शेठला विचारले.

"पानी बघंल आपलं. तू टोपली उचल," शेठ म्हणाला.

आमोसने मान खाली घातली आणि माझ्या तोंडात दगड-मुरूम ठासला. मी शेठचा द्वेष केला. पण खरे सांगते, आमोसचा त्याहून जास्त केला. ज्याने मला वर्षानुवर्षे मोकळे ठेवले, त्यानेच माझा गळा दाबला होता. मी पावसाची वाट पाहत राहिले.

भादव्यात एका दुपारी माळावरून पाण्याचे लोट आले. रस्त्याच्या भरावाला तटून पाणी चढू लागले, तशी मी आतल्या आत सुखावले. अखेर रस्ता फुटला, तो नेमका आमोसच्या घरासमोर. घराची भिंत बसली. तिच्याखाली रेबेकाचा पाय मोडला. आमोस तिला पाठीवर घेऊन चिखलातून बाहेर आला, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. शेठची वखार उंच जोत्यावर होती. तिचा उंबराही भिजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमोस पहार घेऊन आला. माझ्या तोंडावर नव्या प्लॉटचा पाया घातला होता. आमोसने त्याचा दगड न् दगड उखडला.

शेठ धावत आला. "कुनाच्या हुकमानं?"

"बुजवताना हुकूम ऐकला," आमोस म्हणाला. "आता न्हाई ऐकत."

संध्याकाळपर्यंत मी मोकळी झाले. शेठच्या तक्रारीवरून आमोसची नोकरी गेली.

पुढच्या वर्षी मला कोणी साफ केले नाही. प्लॉटवरचा राडारोडा आणि माती वाहून येऊन माझ्यात साचली. पहिल्या सरींनाच प्लॉटवर गुडघाभर पाणी तुंबले. घेणारे लोक यायचे, चिखल बघून परत जायचे. शेठने बिगारी शोधले, पण आमोसचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले होते. कोणीही फावडे उचलेना. शेवटी तो आमोसच्या दारी आला. आमोस काही बोलण्याआधी रेबेका काठी टेकत उंबऱ्यात आली.

"बुजवायला आमचे हात लावले हुते," ती म्हणाली. "आता काढायला तुमचे लावा."

ती दारातून हलली नाही. मग शेठने धोतर खोचले, घमेले घेतले आणि तो माझ्यात शिरला. माझ्यातला गाळ त्याच्या कोपरापर्यंत चढला. त्याचे गुडघे माझ्या दगडांवर सोलले. मी त्याला एक दगडसुद्धा सोपा जाऊ दिला नाही. रस्त्याच्या कडेला रेबेका उभी होती. शेवटचे घमेले निघेपर्यंत ती जागची हलली नाही.

मित्रांनो, नव्या जागेवर घर बांधाल तेव्हा आधी भर पावसात तिथे जाऊन उभे राहा. पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहा. त्याच्या वाटेवर घर बांधू नका. आणि दर वैशाखात माझ्यासारख्या मोऱ्यांचा गाळ काढा. रेबेकाचा पाय अजून वाकडाच आहे, आणि मी अजून कोणालाही माफ केलेले नाही.