गरम बर्फ आणि आत्याचा हात

काचेच्या वाडग्यात नितळ पाणी. ऊबमहाराजांनी करंगळी नुसती टेकवली, आणि तिथून पांढऱ्या सुया सुटल्या त्या थेट काठापर्यंत! बघता बघता वाडगाभर बर्फ.

"लावा हात," महाराज म्हणाले.

शिंपीकाकांनी बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "अगं आई गं! गरम आहे!"

गरम बर्फ! आमच्या अंगणात दाटलेल्या साऱ्या गल्लीने एकदम श्वास आत ओढला. त्यातल्या निम्म्या हातांत लोखंडी गज होते.

"ही तुमच्याच घरांची ऊब, लेकरांनो," महाराज डोळे मिटून म्हणाले. "त्या काळ्या राक्षसाने गिळलेली. मी ओढून काढली. पण मी एकटा, आणि राक्षस चौदा छपरांवर! मी कुठवर पुरा पडू?"

राक्षस म्हणजे माझ्या आत्याने बसवलेले हीट पंप. आत्या पूर्वी फ्रिज दुरुस्त करायची. आता ती छपरावर काळे पातळ पत्रे बसवते. पत्र्यांच्या नळ्यांत एक अतिथंड द्रव असतो. ऊन आणि हवा यांची उष्णता पिऊन त्याची वाफ होते. खाली अंगणातला कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबली की ती तापते (सायकलचा पंप मारताना त्याचं टोक कसं तापतं, तसंच) आणि घरातलं पाणी तापवते. ते भिंतींतून फिरलं की खोल्या उबदार. उन्हाळ्यात चक्र उलटं फिरवायचं, घर गार. आहे की नाही भारी?

पण आत्याची एक चूक झाली. गिऱ्हाइकांना ती सांगायची, "हे यंत्र बाहेरची उष्णता ओढून आत आणतं." लोक तिच्यासमोर माना डोलवायचे आणि घरी जाऊन म्हणायचे, बाहेरची म्हणजे कुणाची? बाहेर तर आपण राहतो! त्यातच लख्ख उन्हात छपरावरच्या नळीवर हिम साचायचं. जो तो चढून हात लावून आला. बोट बधिर! मग आदल्याच दिवशी इस्त्रीवाल्याची धाकटी सकाळी अंथरुणात बेशुद्ध सापडली. पोर कशीबशी वाचली. डॉक्टरीणबाई कारण सांगण्याआधीच महाराजांनी निकाल देऊन टाकला: हिची ऊब चोरली.

"फोडा!" कुणीतरी ओरडलं.

पहिला गज आमच्या खिडकीवर बसला. दुसरा शेजारच्या छपरावरच्या पत्र्यावर. फुटलेल्या नळीतून फस्सकन वायू सुटला, तसे लोक आणखी चेकाळले. "बघा, राक्षस फुत्कारतोय!" आत्याला केसांना धरून फरफटत कॉम्प्रेसरपाशी आणलं. मी एकाच्या मनगटाला कडकडून चावले. त्याने थोबाडीत अशी दिली की ओठ फाटला आणि एक दात जिभेवर आला. मी तो थुंकून टाकला आणि पुन्हा घुसले.

"थांबा, अन्याय नको," महाराज लोण्यासारखे मऊ बोलले. "तिचा हात नळीवर ठेवा. नळी थंड असते, सगळ्यांनी पाहिलंय. बाई खरी असेल तर तिलाही थंडच लागेल."

"ती वरची नळी!" आत्या किंचाळली. "ही दाबलेल्या वाफेची! ही तापलेलीच असते! अरे, हात जाईल माझा, पोट आहे माझं या हातावर!"

इस्त्रीवाल्याने तिचं मनगट पकडलं. त्याचे डोळे रडून सुजलेले. "माझी पोर मरत होती," तो म्हणाला आणि दाबला हात.

चर्र.

हा आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री. त्याने एकदम तिचं मनगट सोडलं. पण बाकीचे ओरडले, "भाजली! खोटी निघाली!" आणि महाराजांनी दुसरा वाडगा पुढे घेतला. "आता दुसरा हात. मग तिने चोरलेली ऊब मी या पाण्यात उतरवतो."

वाडगा! मी पाठीवरच्या दप्तरातली कंपासपेटी काढली. दोन दिवसांपूर्वी महाराजांनी वाटलेला 'उबेचा खडा' तिच्यात होता. म्हणे खऱ्या उबेचा, पण घरी पोचेपर्यंत गार! वर व्हिनेगरचा वास. त्याच रात्री मी त्याचा अर्धा तुकडा वाटीत टाकून गरम पाण्यात ठेवला, वितळवला, न हलवता गार होऊ दिला. मग त्यात उरलेल्या खड्याचा कण टाकला आणि सर्रकन गरम बर्फ! आनंदाने मी स्वयंपाकघरात नाचले होते.

आता त्याच खड्याचा कण बोटावर घेऊन मी दोन माणसांच्या पायांतून घुसले आणि महाराजांच्या आधी वाडग्यात बोट बुडवलं.

सुया सुटल्या. बर्फ झाला. गरम.

आणि शिंपीकाका चक्क गुडघ्यांवर! "देवी!"

"उठा हो काका! देवी कसली? नववी ब!" पडलेल्या दाताच्या फटीतून रक्त उडवत मी ओरडले. "व्हिनेगर आणि खायचा सोडा. आटवायचं, हळूच गार करायचं. त्या पाण्याला गोठायचं असतं, पण कण मिळेपर्यंत अडून बसतं. गोठताना साठवलेली उष्णता सोडतं. महाराज, करंगळीचं नख दाखवा!"

महाराजांनी मूठ मिटली. इस्त्रीवाल्याने ती उघडली, जरा जोरातच. हाड मोडल्याचा आवाज आला. नखाखाली पांढरी भुकटी.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. आत्याचा हात थंड पाण्यात धरता धरताच त्या इस्त्रीवाल्यावर कडाडल्या. "तुझ्या पोरीला सिगडीच्या विषारी वायूने घेरलं होतं! बंद खोलीत रात्रभर कोळसा जाळलात ना?"

"महाराजच म्हणाले, खिडक्या लावा, ऊब जाईल," तो पुटपुटला. "कोळसाही त्यांच्याच मेव्हण्याच्या वखारीतला."

मग काय! सगळे गज वळले. पहिला महाराजांच्या खांद्यावर बसला, दुसऱ्याने कपाळ फुटलं. "मारा ढोंग्याला!" आणि खरं सांगते, मीही ओरडले, मारा!

"थांबा!" आत्या महाराजांसमोर आडवी येऊन उभी राहिली. भाजलेला हात वर धरलेला, कातडी लोंबत होती. "पोलिसांना बोलवा. मारू नका."

"आता तर नक्की कळलंय, आत्याबाई!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"दहा मिनिटांपूर्वीही नक्कीच कळलं होतं तुम्हाला."

इस्त्रीवाल्याच्या हातातला गज खाली पडला. मग एकेक करून बाकीचे.

आत्याची दोन बोटं आता वाकत नाहीत. ती सांगते, मी पाना फिरवते. काल आम्ही इस्त्रीवाल्याच्या छपरावर पत्रे बसवले. यंत्र सुरू झालं, तेव्हा त्याच्या धाकटीने विचारलं, "ताई, हात लावू?"

"वरच्या नळीला लाव. खालच्या नळीजवळ नुसता धर, लांबून."

तिने तसं केलं आणि खुदकन हसली. माझं तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. गज उचलण्याआधी दोन्ही नळ्या तपासा.