भर दिवसाचा पडदा

दारावरची घंटा वाजली तेव्हा विबे मांजरीला हेरिंग मासा भरवत होता. तिला घाईघाईने स्वयंपाकघरात कोंडून त्याने दार उघडलं.

समोरच्या घरातल्या आल्त्येबाई होत्या. पायांत घरातल्याच सपाता, हातात मांजरीच्या खाऊचा डबा.

"आमची टूस दिसली का रे कुठं? तीन दिवस झाले."

"नाही बुवा," विबे म्हणाला. "मांजरांचं काय, खायला घालील त्याची. कुत्रा असता तर दारातून हलला नसता."

हे तो बाईंना गेली दहा-बारा वर्षं ऐकवत आला होता. फरक एवढाच, की तेव्हा पायाशी त्याचा कुत्रा बाउके असायचा. सकाळी बंधाऱ्यावर कुत्री फिरवणारी सगळी मंडळी विबेला 'बाउकेवाले' म्हणूनच ओळखत. त्याचं खरं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं. मार्चमध्ये बाउके गेला. विबे नंतर दोनदा एकटाच बंधाऱ्यावर जाऊन आला. लोक नुसती मान हलवून पुढे गेले.

मग एक दिवस टूस मागच्या दारातून आत आली आणि सरळ बाउकेच्या टोपलीत जाऊन झोपली. तिला हाकलायला हवं होतं. हा शहाणा बाजारात जाऊन हेरिंग घेऊन आला, आणि तिने परत जाऊ नये म्हणून मागचं दार लावून घेतलं.

आल्त्येबाई त्याच्या खिडकीकडे बघत होत्या. त्या गल्लीत दिवसा कुणी पडदे ओढत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला आतली कॉफीसुद्धा दिसावी, अशीच तिथली रीत. विबेचा पडदा मात्र तीन दिवस ओढलेला होता.

"बाउके गेला तेव्हासुद्धा तुझा पडदा उघडा होता, विबे," त्या हळूच म्हणाल्या.

विबेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. बाईंनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"रोज सकाळी अर्धी. मूत्रपिंडाचं दुखणं आहे तिला. लोण्यात लपवून दे, नाहीतर थुंकते मेली. तीन दिवसांच्या चुकल्यात, आजची तरी चुकवू नकोस."

"आत्ता आणून देतो तिला, आल्त्येबाई. मी... मला..."

"उचलून नको आणूस. तुमच्या कुत्र्यांना दोरीनं आणता येतं. दार उघडं ठेव फक्त. यावंसं वाटलं तर येईल."

त्या सपाता घासत रस्ता ओलांडून गेल्या. वाटेत डबा एकदाच वाजला. टूसला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तो लगेच छातीशी धरला.

विबेने लोण्यात अर्धी गोळी घातली. टूसने ती चाटूनपुसून खाल्ली. मग त्याने स्वयंपाकघराचं आणि पुढचं दार सताड उघडलं आणि पडदा बाजूला सारला. टूस दाराकडे गेलीच नाही. खिडकीत चढून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, उन्हात पसरली.

समोरच्या खिडकीत आल्त्येबाईंनी हात हलवला, मांजरीला की त्याला, कोण जाणे. विबेला हात वर करायचा होता. तो काही उचलला गेला नाही.