मेबलला रॅटची सवय लावली

माझा मुलगा लेलँड अजगर पाळतो. अंगाचा गोळा करून बसणारे ते आफ्रिकेतले बॉल पायथन, दोन शेडभर. सगळ्यांना तो रॅट घालतो आणि रॅटही घरचेच वाढवतो. माझे साप कॉर्न स्नेक. इथल्याच, आमच्या दक्षिण कॅरोलिनातल्या पाइनच्या रानातले, केशरी अंगावर तांबडे पट्टे, स्वभावाने गरीब. ते खातात उंदीर, मुठीत मावणारा पांढरा उंदीर. रॅट म्हणजे त्याचा थोराड भाऊबंद. आपल्याला दोन्ही सारखेच किळसवाणे, पण सापाच्या जिभेला वास वेगळा लागतो. ज्याने आयुष्यभर उंदीर खाल्ला, तो रॅट पुढे केला की तोंड फिरवतो आणि महिनोन्‌महिने उपाशी राहतो, पण बधत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ट्रेलर पार्कची, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीची, जमीन एका बिल्डरने घेतली आणि उन्हाळा संपेपर्यंत जागा सोडा म्हणून दारावर कागद चिकटवून गेला. मी लेलँडला फोन लावला. त्याच्या आवारात वेगळ्या दाराची एक खोली रिकामी पडलीय, हे मला ठाऊक होतं. तिचे पडदे मीच शिवून दिले होते. ती नाही तर मग म्हाताऱ्यांसाठीचे फ्लॅट, तिथे जनावर चालत नाही. म्हणजे माझे सात साप कुणाला तरी देऊन टाकायचे आणि पार्किंगकडे बघत मरायचं. हे मी त्याला असंच सांगितलं. गोड बोलून काम काढायची मला सवय नाही, आणि आता या वयात लागायचीही नाही.

तो म्हणाला, अडचण एकच आहे ममा, माझ्याकडे उंदीर चालत नाहीत. त्यांचा वास ट्रिनाच्या डोक्यात जातो. शिवाय त्यांचा काही रोग माझ्या रॅटमध्ये शिरला तर माझा धंदाच बसेल. तुझे साप रॅट खात असते तर गोष्ट वेगळी होती.

ट्रिना ही त्याची बायको. दोन शेड अजगरांची घाण हिच्या नाकाला कळत नाही आणि माझ्या उंदरांचा वास मात्र डोक्यात जातो! पण खोटं कशाला बोलू, उंदरांचा वास रॅटपेक्षा वाईटच असतो, हे कुणीही सापवाला मान्य करील. म्हणून मला ते पटलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "खायला लावते सगळ्यांना."

"मेबलला?" असं म्हणून तो हसला.

मेबल माझी सगळ्यात म्हातारी मादी. अठरा वर्षांची. तिच्या नखऱ्यांचं मी कमी कौतुक केलंय का! दर वर्षी सापांच्या बाजारात टेबल मांडून बसले की येईल त्याला सांगायचे, मेबल प्राण सोडेल पण रॅटला तोंड लावणार नाही. लेलँड शेजारच्या टेबलावर असायचा. हे त्याने शंभरदा तरी ऐकलं असेल.

तर मी कामाला लागले. आधी रॅटची उंदराएवढीच पिल्लं आणली, मेलेली, बर्फात गोठवलेली. ती कोमट पाण्यात सोडून ऊब आणायची. मग साबणाने धुऊन त्यांचा मूळचा वास घालवायचा. मग उंदरांच्या पिंजऱ्यातल्या मळक्या भुशात ती लोळवायची, म्हणजे अंगाला उंदराचा वास चढतो. मग चिमट्यात धरून सापाच्या नाकापुढे हळूच हलवायची, मेलेलं पिल्लू जिवंत वाटलं पाहिजे. माझा हात कापतो, त्याचा इथे फायदा झाला म्हणायचा. पाच जण वसंतातच बधले. सहाव्याला पिल्लाचं डोकं टोचून द्यावं लागलं. आतला वास बाहेर आल्यावर तोही झुकला.

मेबल मात्र ढिम्म हलेना. पिल्लू हुंगायची, मान मागे घ्यायची आणि पाण्याच्या भांड्याआड जाऊन बसायची. तिला कोंबडीच्या सूपमध्ये बुडवलेलं दिलं. कागदी पिशवीत पिल्लासोबत बांधून ठेवलं. सापाने कात टाकली की त्याला भूक लागते म्हणून तिच्या कातेची वाट बघितली. तीही टाकून झाली. काही नाही. तिची पाठ वर यायला लागली, हाताला मणके लागायला लागले. रोज सकाळी उंदरांच्या पिंजऱ्यापुढे उभी राहायचे. एक उचलून टाकला असता तर तिने चुटकीत गिळला असता. पण मग सगळं मुसळ केरात. मी पिंजऱ्याला पाठ करायचे आणि तिला शिव्या घालायचे. अख्ख्या पार्कला ऐकू जातील एवढ्या.

शेजारच्या ट्रेलरमधली बर्निस एकदा उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. माझा हा खटाटोप बघत दारातच बसली, शेंगा फोडत. माझ्यासारखंच तोंड आहे तिलाही.

"लुएला, तो पोरगा तुला नको म्हणतोय," ती म्हणाली. "सापाचं नाव पुढे करून."

मी तिला म्हटलं, तुला सापांतलं काय कळतं, तू शेंगा खा. आणि खरंच मला तसं वाटलं नाही. आम्ही सापवाले लोक वेगळेच. सापाने अन्न नाकारलं की आम्हाला ते नाही असं ऐकूच येत नाही. वास बदला, ऊब बदला, धीर धरा, घेईल. चाळीस वर्षं हेच करत आले मी. माणूसही नाही म्हणतो आणि त्याला नाहीच म्हणायचं असतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

जुलैच्या उकाड्यात एका दुपारी मेबलने घेतलं. भुशात लोळवलेलं पिल्लू, चिमट्यातून नव्हे, तर मी कंटाळून तिच्यापुढे टाकून दिलं होतं ते. मी स्वयंपाकघरातून आले तर शेपटी तेवढी बाहेर होती. मी खाली फरशीवर बसले आणि रडले. सांगायला लाज कसली.

लेलँडला फोन केला. तो म्हणाला, पण वास लावूनच ना? माझ्याकडे उंदीरच नाहीत, वास कुठून आणणार? बरोबर होतं त्याचं. मी भुसा कमी कमी करत आणला. आधी अंगभर, मग नुसतं नाक, मग काहीच नाही. तो म्हणाला, महिनाभर टिकतंय का बघ. टिकलं. तो म्हणाला, ओकत तर नाहीत ना? रॅटला चरबी जास्त. कुणी ओकलं नाही. प्रत्येक वेळी तो एक नवी अट काढायचा आणि मी मनात म्हणायचे, बघा, पोराला किती बारकाईने शिकवलंय मी. शेवटचे उंदीर गावातल्या दुकानात देऊन टाकले आणि पिंजरे घासून कचऱ्याच्या गाडीत घातले. ट्रेलरमधला वास गेला. त्या वासाशिवाय मला चार दिवस झोप लागली नाही.

ऑगस्टच्या शेवटी तो पिकअप घेऊन आला. माझ्या बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या. मी त्याच्यासाठी पाउंड केक केला होता आणि वाडग्यात कोमट पाण्यात रॅटचं एक पिल्लू सोडून ठेवलं होतं, मेबलचा पराक्रम त्याला दाखवायला. त्याने बॅगा बघितल्या. सापांचे डबे बघितले. केक खाल्ला नाही.

"ममा, बस जरा," तो म्हणाला.

मी बसले नाही.

"मला वाटलं होतं तू पंधरा दिवसांत नाद सोडशील. मेबल मरेल पण खाणार नाही, असं तूच सांगायचीस. तुला तोंडावर नाही म्हणवेना माझ्याच्याने. मग हे सुचलं."

ट्रिनाला जमणार नाही, तो म्हणाला. मी दिवसभर बोलते, प्रत्येकाला सुधारते, घरात कुणाला श्वास घेऊ देत नाही. त्यालाही जमणार नाही, हे त्याने बॅगांकडे बघत सांगितलं. फ्लॅट ठरलाय. वसंतात ट्रिनाने, लागलाच तर सोय असावी म्हणून, ज्याच्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या होत्या, तोच. छान आहे, खाली बाक आहेत. मला तेव्हा त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याचे पाय धरावेसेही वाटले. दोन्ही केलं नाही.

"आणि हे?" मी डब्यांकडे बोट केलं.

"ते येऊ देत की माझ्याकडे. आता रॅट खातात, काहीच त्रास नाही. चांगलं काम केलंयस तू. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

तो सहा डबे एकेक करून बाहेर घेऊन गेला. नीट, न हिंदकळवता. मग मेबलपाशी आला. हिचं बघितल्याशिवाय मी मानणार नाही, म्हणाला, आणि वाडग्यातलं पिल्लू त्याने चिमट्यात उचललं. मी मनात म्हटलं, नको खाऊस. मेबल, एवढं एक ऐक माझं, आयुष्यभर नखरे केलेस, आज एक कर. तिने जीभ बाहेर काढली. त्याच्या हाताचा, अजगरांच्या शेडचा वास घेतला. मान मागे घेतली. माझ्या जिवात जीव आला. आणि झडप घालून तिने पिल्लू त्याच्या हातातून घेतलं.

"अरे वा," लेलँड म्हणाला. लहानपणी जुने पत्रे उलटून खाली साप दिसला की म्हणायचा, त्याच आवाजात.

आम्ही दोघं ती गिळेपर्यंत बघत राहिलो. मग तो म्हणाला की हिला आज नेत नाही, भरल्या पोटी हलवलं तर ओकेल बिचारी, या वयात झेपायचं नाही तिला. दोन दिवसांनी येऊन घेऊन जाईन.

"आणि मी?"

"तुझं सामान फ्लॅटवर न्यायला ट्रक उद्या सकाळी येतोय, ममा."

मेबलच्या गळ्याखालचा फुगवटा हळूहळू मागे सरकत होता. लेलँडने डब्याचं झाकण लावलं, वरून टॉवेल टाकला आणि तिला शांत पडू दे म्हणत खोलीतला दिवा बंद करून बाहेर गेला. मी आतच उभी होते.